इंग्लंडमध्ये एक हंगाम: क्लब क्रिकेट खेळणे, मुलांना शिकवणे आणि फिरणे एकत्र जमेल का?

उजवा_ऑफस्पिनर

सप्रेम नमस्कार.

माझे वय २४ आहे. मी ऑफस्पिन टाकतो आणि सहाव्या किंवा सातव्या क्रमांकावर फलंदाजीला येतो. पाच वर्षांपूर्वी राज्याच्या १९ वर्षांखालील संघातून तीन सामने खेळलो, त्यानंतर विद्यापीठाचा संघ आणि आता क्लब, एवढीच माझी कारकीर्द आहे. आपण व्यावसायिक क्रिकेटपटू होऊ असा भ्रम आता उरलेला नाही. गेली दोन वर्षे नोकरी करतो आणि रविवारी सकाळी आमच्या क्लबातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवतो. खरे सांगायचे तर आठवड्यातला तो दीड तास मला माझ्या स्वतःच्या सामन्याइतकाच प्रिय आहे.

पुढील वर्षी एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बिनपगारी रजा मिळण्याची शक्यता दिसते आहे आणि तो काळ इंग्लंडमध्ये घालवावा असे मनात आहे. शनिवारी लीगचा सामना, आठवड्यातल्या एक-दोन संध्याकाळी मुलांचे प्रशिक्षण आणि उरलेल्या दिवसांत प्रवास, अशी ढोबळ कल्पना आहे. या संदर्भात परदेशी क्लबांशी गाठ घालून देणाऱ्या एका मध्यस्थाशी बोलणे झाले. क्लब परतीचे विमानभाडे आणि राहण्याची जागा देईल, त्या बदल्यात मी पहिल्या संघातून खेळायचे आणि कनिष्ठ गटांना शिकवायचे, असे तो म्हणतो. व्हिसाबद्दल विचारले असता, ‘पर्यटक म्हणून अर्ज करा, फिरायला जातो एवढेच लिहा, पगार घेत नाही म्हणजे ते काम होतच नाही,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला पटलेले नाही, पण ते चुकीचे आहे असे ठामपणे म्हणण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. त्याचे शुल्क मी अजून भरलेले नाही.

ज्यांनी असा हंगाम काढला आहे किंवा जे तिकडच्या क्लबांमध्ये आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. तिथल्या खेळपट्ट्यांवर माझ्यासारख्या ऑफस्पिनरचे काय होते, हेही जाणून घ्यायला आवडेल.

---

मिडऑफवरून

मी गेली अनेक वर्षे यॉर्कशायरमध्ये स्थायिक असून एका गावच्या क्लबाच्या कार्यकारिणीत आहे. परदेशी खेळाडूंचे अर्ज वाचणे आणि त्यांच्या कागदपत्रांची छाननी करणे हे माझ्याकडेच असते, त्यामुळे व्हिसाच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

मध्यस्थाने तुम्हाला दिलेला सल्ला चुकीचा तर आहेच, पण धोकादायकही आहे. पगार घेतला की नाही, एवढ्यावर ब्रिटनचे नियम थांबत नाहीत. केवळ स्वतःच्या आनंदासाठी खेळणारा आणि त्यातून उपजीविका शोधत नसलेला तो हौशी खेळाडू, असे नियम म्हणतो. अशा माणसाला साध्या व्हिजिटर व्हिसावर, अनुभव मिळावा म्हणून, एखाद्या हौशी क्लबात सामील होता येते. ही सवलत खरी आहे आणि तिचा लाभ घेऊन दर वर्षी कितीतरी जण येतात. मात्र व्यावसायिक खेळाडू कोणाला म्हणावे याची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा फार रुंद आहे. ज्याला खेळण्याबद्दल किंवा शिकवण्याबद्दल रोख अथवा वस्तुरूपाने मोबदला मिळतो आणि त्यातून त्याचा येण्या-राहण्याचा सर्व किंवा बहुतेक खर्च भागतो, तो व्यावसायिक ठरतो. विमानभाडे आणि घर म्हणजे नेमके हेच. गेल्या दोन वर्षांत ज्याने देशाचे किंवा राज्याचे प्रतिनिधित्व केले आहे, मग ते १७ वर्षांखालील गटापासून पुढचे का असेना, तोही व्यावसायिक. तुमच्या त्या तीन सामन्यांना पाच वर्षे झाली आहेत, त्यामुळे त्या अटीतून तुम्ही सुटता.

आता गंमत पाहा. खेळाडू म्हणून संधी शोधण्यासाठी जो मध्यस्थ नेमतो, किंवा ज्याने मागील १२ महिन्यांत तो नेमला होता, तोही याच व्याख्येत बसतो. याचा अर्थ, हौशी म्हणून जाण्याची सोय करून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थाशी करार केल्यानेच तुमचे हौशीपण संपू शकते. शुल्क भरलेले नाही हे फार चांगले झाले. ते भरू नका आणि कशावर सहीही करू नका.

‘फिरायला जातो एवढेच लिहा’ याबद्दल एकच वाक्य पुरेसे आहे: अर्जात फसवणूक केल्याचे आढळल्यास पुढील १० वर्षे प्रत्येक अर्ज नाकारला जाऊ शकतो. क्लबाचीही सुटका नसते, कारण परवानगी नसलेल्या व्यक्तीला कामावर ठेवल्याबद्दल पहिल्याच उल्लंघनाला माणशी ४५,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आमच्यासारख्या क्लबाची सगळी शिल्लक त्यापुढे काहीच नाही. म्हणूनच जो क्लब तुमच्याकडे पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत अगदी कटकट वाटेल इतक्या वेळा मागतो, तो चांगला क्लब समजा.

आणि तुमच्या योजनेतला सर्वांत नाजूक शब्द ‘शिकवणे’ हा आहे. प्रशिक्षण, मग ते कोणत्याही पातळीवरचे आणि विनामूल्य असले तरी, व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाने करायचे नाही, असेच धरून चाला. खेळाडू-प्रशिक्षक म्हणून रीतसर यायचे तर २०२१ पासून इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन नावाचा मार्ग आहे. त्यासाठी इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट मंडळाचे अनुमोदन लागते आणि ते मिळण्यासाठी वरिष्ठ पातळीवरील सामन्यांचा अलीकडचा अनुभव पाहिला जातो. तुम्ही जे सांगितले त्यावरून तो दरवाजा तुमच्यासाठी उघडेल असे मला वाटत नाही.

---

बॅकलिफ्ट

मी काही वर्षांपूर्वी व्हिजिटर व्हिसावर, सर्व खर्च स्वतः करून, उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबाकडून अकरा आठवडे खेळलो. विमानभाडे माझे, खोलीचे भाडे माझे. क्लबाने दिले ते फक्त नेट्स, सामन्याला नेण्या-आणण्यासाठी कोणाच्या तरी मोटारीतली मागची जागा आणि डावाच्या मध्यंतरातला चहा. मला यात कमीपणा वाटला नाही, उलट पाय मोकळे राहिले. पहिल्या संघात जागा मिळालीच पाहिजे असा आग्रह नसल्यामुळे पाच आठवडे दुसऱ्या संघात खेळलो आणि त्या संघातल्या ५८ वर्षांच्या यष्टिरक्षकाकडून जे शिकलो ते आधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो.

खेळपट्टीबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात मैदान ओले असते, चेंडू टप्पा पडल्यावर क्षणभर थांबून मग येतो आणि गुडघ्याच्या वर क्वचितच उसळतो. आपल्या सवयीप्रमाणे पुढे झेपावून ड्राइव्ह मारायला गेलो की बॅट आधी पोहोचते, चेंडू नंतर, आणि मिडविकेटला सोपा झेल जातो. पहिल्या चार डावांत मी तीनदा असाच बाद झालो. शेवटी त्या यष्टिरक्षकानेच सांगितले की चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत थांब आणि मग त्याला फक्त दिशा दे. हे ऐकायला सोपे आहे, पण अंगवळणी पडायला जून उजाडला.

ऑफस्पिनरला मे महिन्यात फारसे कोणी विचारत नाही. बोटे गारठलेली असतात, चेंडू ओला असतो आणि मध्यमगती गोलंदाज दोन्ही बाजूंनी यष्टीजवळ उभ्या यष्टिरक्षकाला गोलंदाजी करत डाव संपवतात. जूनच्या मध्यानंतर मैदान सुकले की तुमची पाळी येते. तिकडे वापरल्या जाणाऱ्या ड्यूक्स चेंडूची शिवण उठावदार असते आणि बराच काळ तशीच टिकते, त्यामुळे बोटाला पकड मिळते आणि हवेत चेंडू बाहेरच्या बाजूला सरकतोही. मात्र खेळपट्टी संथ असल्यामुळे जो गोलंदाज चेंडू हवेत लटकत ठेवतो त्याला फलंदाज मागे राहून सावकाश खेळतो. तिथे टप्पा थोडा पुढे आणि वेग थोडा जास्त लागतो. मी स्वतः डावखुरा फिरकी गोलंदाज आहे, तरी हा हिशेब दोघांनाही सारखाच लागू पडतो.

एक विषयांतर क्षम्य मानावे. हौशी आणि व्यावसायिक हा झगडा तिथे नवा नाही. लँकेशायर लीग १८९२ सालची. तिच्यात प्रत्येक क्लब एक मानधन घेणारा खेळाडू ठेवतो आणि बाकीचे दहा गावातले, हौशी. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षे नेल्सन क्लबाकडे होते आणि त्या काळात नेल्सनने सात वेळा विजेतेपद मिळवले. आपले विनू मांकड १९५२ मध्ये याच लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबाशी करारबद्ध होते, कारण इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी द्यायला आपली निवड समिती तयार झाली नव्हती. पहिली कसोटी हरल्यानंतर मग क्लबाकडे विनंती करून त्यांना लॉर्ड्सच्या कसोटीसाठी मागून घ्यावे लागले. त्यांनी तिथे ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. तो सामना आपण हरलो, पण मांकडांच्या नावाने ओळखला जातो. शनिवारच्या लीगमध्ये खेळणाऱ्या माणसाला कसोटीसाठी उसने घ्यावे लागले, हे आठवले की क्लब क्रिकेटकडे पाहण्याची माझी नजर तरी बदलते.

---

उजवा_ऑफस्पिनर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मध्यस्थाला आजच नकार कळवला.

पण आता खरी अडचण उभी राहते. खेळण्याची हौस मी इथेही भागवू शकतो. परक्या वातावरणात, ज्यांची भाषा आणि सवयी वेगळ्या आहेत अशा मुलांना शिकवून पाहावे, हे माझे मुख्य आकर्षण होते. भारतीय तरुणांसाठी ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना आहे असे वाचले. त्या व्हिसावर काम करता येते, तर मग शिकवताही येईल ना? की तिथेही हाच अडसर आहे?

---

मिडऑफवरून

तिथेही आहे. ती योजना फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली; १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी वर्षाला ३,००० जागा असतात, सोडत निघते, बँकेत २,५३० पाउंड दाखवावे लागतात आणि निवड झाल्यास दोन वर्षे राहता येते. आरोग्य अधिभार वेगळा भरावा लागतो. या व्हिसावर जवळपास कोणतीही नोकरी करता येते, पण व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यास मनाई आहे, आणि मघाशी सांगितलेली रुंद व्याख्या इथेही लागू होते. प्रशिक्षण तिच्यात येते. म्हणजे सोमवार ते शुक्रवार एखाद्या कार्यालयात नोकरी आणि शनिवारी हौशी म्हणून सामना, हे चालेल. दोन वर्षे काढण्याची तयारी असलेल्यासाठी हा उत्तम मार्ग आहे, पण पाच महिन्यांच्या रजेत तो बसत नाही. शिवाय फेब्रुवारीच्या सोडतीत नाव येऊन त्याच एप्रिलमध्ये मैदानावर उभे राहणे अवघड आहे. हंगामाच्या सुरुवातीला पोहोचायचे असेल तर आधीच्या जुलैची सोडत गाठावी लागते.

---

दोन_शनिवार

प्रश्न इंग्लंडचा असला तरी ‘शिकवणे’ हाच गाभा असेल तर देश बदलून पाहावा, असे सुचवतो.

ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे उपवर्ग ४६२, खुला केला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, नोंदणी करून सोडत, आणि नाव निघाल्यास १२ महिने राहण्याची मुभा. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, पण क्रिकेटचा हंगामच ऑक्टोबर ते मार्च असा सहा महिन्यांचा असल्यामुळे ही अट क्लबासाठी अडचणीची ठरत नाही. या व्हिसाचा हेतूच मुळात फिरणे आणि फिरता फिरता काम करणे हा आहे. मुलांना शिकवायचे असेल तर तिथल्या राज्याची मुलांसोबत काम करण्याची मंजुरी घ्यावी लागते. क्वीन्सलंडमध्ये तिला ब्लू कार्ड म्हणतात. अर्थात सोडत ही सोडतच, तिच्या भरवशावर रजा मागता येत नाही.

खेळ मात्र वेगळा आहे. वरच्या श्रेणीतला सामना बहुधा दोन दिवसांचा असतो, पण ते दोन दिवस लागोपाठचे दोन शनिवार असतात. एका शनिवारी तुम्ही दिवसभर क्षेत्ररक्षण करता आणि फलंदाजीला यायला पूर्ण आठवडा थांबता. मंगळवारी आणि गुरुवारी सराव, गुरुवारी रात्री संघ जाहीर. पहिल्या श्रेणीपासून चौथ्या-पाचव्या श्रेणीपर्यंत संघ असतात आणि दोन वाईट सामन्यांनंतर खाली सरकावे लागते, त्याबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त करत नाही. तिथल्या कुकाबुरा चेंडूची शिवण लवकर बसते, खेळपट्टी टणक असते, त्यामुळे ऑफस्पिनरला नुसत्या बाजूच्या वळणावर जगता येत नाही. चेंडूला वरून फिरकी देऊन उसळी मिळवावी लागते. खालच्या श्रेणींत बरेच सामने कृत्रिम खेळपट्टीवर होतात आणि तिथे धातूचे खिळे असलेले बूट चालत नाहीत, हे सामान बांधतानाच लक्षात ठेवावे.

---

पायचीत

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि तेथे काम करण्याचा मला हक्क आहे, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. गेली सहा वर्षे क्लबाच्या कनिष्ठ गटाला शिकवतो. प्रश्नकर्त्याला मुलांना शिकवण्याची ओढ आहे म्हणून, कुठेही गेले तरी उपयोगी पडेल असे काही लिहितो.

माझ्या पहिल्याच हंगामातली गोष्ट आहे. तेरा वर्षांखालील मुलांचा सामना होता. आमच्या संघातला एक सडपातळ मुलगा सुंदर आउटस्विंग टाकत होता. त्याने तीन बळी घेतले होते आणि त्याला थांबवणे माझ्या जिवावर आले. सहाव्या षटकासाठी मी त्याच्या हाती चेंडू दिला, तेव्हा पंच माझ्याकडे चालत आले आणि शांतपणे म्हणाले, ‘याची पाच झाली.’ १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने एका टप्प्यात पाच आणि दिवसभरात दहा षटकांपेक्षा जास्त टाकायची नाहीत; १४ आणि १५ वर्षांखालील गटांत ही मर्यादा सहा आणि बारा अशी आहे. मुलाच्या वाढत्या पाठीचा हा प्रश्न आहे. नियम मला ठाऊक होता, पण सामन्याच्या भरात मी षटके मोजायचे सोडून बळी मोजत होतो. त्या मुलाची आई सीमारेषेवर घडीच्या खुर्चीत बसून वहीत रेघा ओढत होती. तिने माझ्याआधी मोजले होते. सामना संपल्यावर मी तिच्याकडे जाऊन चूक मान्य केली. ती एवढेच म्हणाली, ‘पुढच्या वेळी वही तुम्ही ठेवा.’ तेव्हापासून ठेवतो.

असे नियम पुष्कळ आहेत आणि ते पाठच असावे लागतात. ऑफ बाजूला यष्टींमागची जागा सोडली तर १३ वर्षांखालील मुलाला फलंदाजापासून ११ यार्डांच्या आत उभे करायचे नाही. १८ वर्षांखालील प्रत्येकाने फलंदाजी करताना आणि यष्टींजवळ यष्टिरक्षण करताना हेल्मेट घातलेच पाहिजे. १३ वर्षांखालील गटाचा चेंडू पावणेपाच औंसांचा असतो, मोठ्यांचा साडेपाच औंसांचा. आपल्या बॅगेतला मोठा चेंडू काढून लहान मुलाला ऑफस्पिनची पकड शिकवू नये, कारण त्याची बोटे तिथवर पोहोचत नाहीत आणि तो तळव्यात धरायला शिकतो. प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासणी होते, बालसुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, कपडे बदलण्याच्या खोलीत मुलांसोबत त्याच वेळी थांबायचे नाही आणि मुलाला थेट संदेश पाठवायचा नाही. निरोप नेहमी पालकांना. आपल्याकडून आलेल्या माणसाला यात आधी अविश्वास दिसतो. मलाही दिसला होता. नंतर समजले की हे नियम प्रशिक्षकाचेही संरक्षण करतात.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एक निरीक्षण. तिथे पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ऑल स्टार्स नावाचा उपक्रम असतो. प्लॅस्टिकची बॅट, मऊ चेंडू आणि तासभर नुसती धावपळ. रांगेत उभे करून डावे कोपर वर आहे का हे तपासण्याच्या आपल्या पद्धतीला तिथे चार मिनिटांत जांभया येतात. मी आमच्या गटात एकदा सरळ बॅटने वीस वेळा चेंडूशिवाय नुसता हवेत फटका मारायला लावला, तर सातव्या वेळेला अर्धी मुले कोलांट्या उड्या मारत होती. पुढच्या आठवड्यात तोच फटका दोन शंकूंच्या मधून मारला की एक गुण, असा खेळ केला आणि अंधार पडेपर्यंत कोणी घरी जाईना. जूनमध्ये अंधार साडेनऊनंतर पडतो, हे लक्षात घ्यावे.

---

धावलेखिका

मी दोन उन्हाळे तिथे होते. रविवारी महिला संघातून खेळत असे आणि शनिवारी पुरुषांच्या दुसऱ्या संघाचे गुणलेखन करत असे. प्रवासाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते.

शनिवार पूर्णपणे क्लबाचा असतो. दुपारी बारा-एकला नाणेफेक, संपायला साडेसात, त्यानंतर लगेच निघून जाणे उद्धटपणाचे समजले जाते. रविवारीही बहुधा मैत्रीपूर्ण सामन्यासाठी अकरावा माणूस हवा असतो आणि ‘तू रिकामाच आहेस ना’ असे म्हणून तो तुम्हीच ठरता. म्हणून फिरायचे ते सोमवार ते बुधवार, असे पहिल्याच आठवड्यात कर्णधाराला सांगून टाकावे. गुरुवारचा सराव चुकवू नये. रेल्वेसाठी १६ ते २५ वयोगटाचे रेलकार्ड घ्यावे, तिकिटावर एक तृतीयांश सवलत मिळते; आठवड्याच्या दिवशी सकाळी दहापूर्वीच्या प्रवासाला किमान भाड्याची अट असते, ती जुलै आणि ऑगस्टमध्ये नसते.

कसोटी मैदाने सगळेच पाहतात. त्यापेक्षा काउंटी सामना पाहायला वूस्टरच्या न्यू रोडवर किंवा स्कारबरोच्या नॉर्थ मरीन रोडवर जावे. न्यू रोडवर कॅथीड्रलचा मनोरा समोर असतो. हिवाळ्यात तिथे सेव्हर्न नदीचे पाणी मैदानावर येते. हॅम्पशायरमधल्या हॅम्बल्डनजवळचे ब्रॉडहाफपेनी डाउनही पाहावे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या निवडक संघांना हरवणारा क्लब त्या टेकडीवर खेळत असे. आज तिथे वारा, गवत आणि रस्त्यापलीकडे बॅट अँड बॉल नावाचे पानगृह एवढेच आहे. युरोपात डोकावायचे असेल तर शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, तो निघण्यापूर्वीच घ्यावा.

आणि विमा. प्रवासी विमा घेताना सीझन चेंडूच्या क्रिकेटमध्ये झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे लेखी विचारावे. व्हिजिटरला तिथे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर उपचारांचा खर्च स्वतः भरावा लागतो, आणि स्लिपमध्ये बोट मोडायला एक चेंडू पुरतो. माझे मोडले होते; विम्यात ‘स्पर्धात्मक खेळ वगळून’ हे शब्द होते.

---

उजवा_ऑफस्पिनर

सर्वांचे उत्तर दोन-तीनदा वाचले. निर्णय असा घेतला आहे: पुढील वर्षी पाच महिने नव्हे, तर जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दहा आठवडे, स्वखर्चाने, हौशी म्हणून इंग्लंडला जायचे आणि केवळ खेळायचे. शिकवणार नाही, रविवारी इथली मुले कोणाच्या हाती सोपवायची ते ठरवतो आहे. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीसाठी मात्र नोंदणी करणार, कारण नाव आले तर शिकवण्याची रीतसर वाट तीच दिसते.

क्लबांना स्वतः पत्रे लिहायला सुरुवात करतो आहे. मसुद्याची सुरुवात अशी आहे: ‘मी मागील तीन हंगामांत १,१४० धावा व ८७ बळी अशी कामगिरी केलेला अष्टपैलू खेळाडू असून आपल्या क्लबास विजेतेपद मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलू शकेन.’ मिडऑफवरून यांना विनंती, कार्यकारिणीच्या टेबलावर हे कसे वाचले जाईल?

---

मिडऑफवरून

वाचलेच जाणार नाही. अशी पत्रे आम्हाला हिवाळ्यात आठवड्याला चार येतात आणि प्रत्येकात बळी ८० च्या वर असतात.

पहिल्या वाक्यात तारीख लिहा: कोणत्या शनिवारपासून कोणत्या शनिवारपर्यंत उपलब्ध आहात. दुसऱ्यात, हौशी म्हणून स्वखर्चाने येता, क्लबाकडून काहीही नको आणि मध्यस्थ नाही, हे लिहा. कागदपत्रे पाहणाऱ्या माणसाचा अर्धा ताण तिथेच उतरतो. तिसऱ्यात, दुसऱ्या संघात खेळायला आनंदाने तयार आहात, असे सांगा. गोलंदाजीची दोन मिनिटांची चित्रफीत जोडा; ती पंचाच्या मागून घेतलेली आणि एका सलग षटकाची असावी, बळींची कापून जोडलेली नको. तुम्हाला ओळखणाऱ्या एखाद्या प्रशिक्षकाचे नाव, त्याच्या संमतीने, द्या. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इथल्या क्लब क्रिकेटमधल्या सर्वांत वरच्या पातळीच्या, क्लबांना साधारणपणे एकाच परदेशी खेळाडूची मुभा असते आणि ती जागा मानधनावरच्या माणसासाठी राखलेली असते, म्हणून त्यांच्या मागे न लागता दोन-तीन पायऱ्या खालच्या, गावच्या क्लबांना लिहा. त्यांना जुलैच्या मध्यात, अर्धा संघ सुट्टीवर गेलेला असताना, दहावा आणि अकरावा माणूस मिळत नाही.

आणि शेवटी हेही लिहा की पावसानंतर मैदानावरची आच्छादने ओढायला तुम्ही मदत कराल. आमच्याकडे मागच्या वेळी ज्याने ते लिहिले होते, त्याच्या धावा कोणी विचारल्या नाहीत.